स्विचवरून एफटीपी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॉलेज असो, कारखाना असो की बँकेची शाखा, तिथल्या रॅकमधल्या प्रत्येक स्विचच्या फ्लॅश मेमरीत दोन गोष्टी जिवापाड जपण्यासारख्या असतात: स्विच चालवणारी सॉफ्टवेअरची इमेज आणि कॉन्फिगरेशनची फाइल. यांचा बॅकअप घ्यायला किंवा नवी इमेज आणायला स्विचवरूनच दूरच्या सर्व्हरवर एफटीपीने लॉगिन करण्याची पद्धत आजही सर्रास आहे. कमांड थोड्याच आहेत, म्हणून काम सोपं वाटतं. पण काही चुकीच्या समजुती इतक्या पक्क्या बसल्या आहेत, की त्या ऐन अपग्रेडच्या रात्री घात करतात.

गैरसमज: स्विचवर टाइप केलेली कमांड स्विचवरच चालते.

वस्तुस्थिती: एफटीपीचं सत्र सुरू झालं की स्विच क्लायंट होतो आणि बहुतेक कमांड सर्व्हरवर चालतात. ‘डिर’ सर्व्हरची यादी दाखवते, फोल्डर तिथे तयार होतं आणि ‘डिलीट’ने फाइलही तिथलीच जाते. हुआवे आणि एचथ्रीसीच्या स्विचवर तर इथे विशेष जपावं लागतं. त्यांच्या नेहमीच्या प्रॉम्प्टवर साधं ‘डिलीट’ दिलं तर फाइल रिसायकल बिनमध्ये जाते आणि ‘अनडिलीट’ने परत आणता येते. तेच ‘डिलीट’ एफटीपी सत्रात दिलं तर सर्व्हरवरची फाइल जाते, आणि ती परत आणण्याची कोणतीही सोय एफटीपीमध्ये नाही. म्हणून काहीही पुसण्याआधी प्रॉम्प्ट वाचावा.

दुसरा धोका सारख्या नावांचा. सर्व्हरवर त्याच नावाची फाइल असेल तर एफटीपीच्या नियमाप्रमाणे ‘पुट’ जुनीवर नवी लिहितं. हुआवेच्या अनेक स्विचवर कॉन्फिगरेशनच्या फाइलीचं मूळ नाव एकच असतं. दहा स्विचचा बॅकअप एकाच फोल्डरमध्ये त्याच नावाने टाकला, तर हाती फक्त शेवटच्या स्विचची फाइल उरते. पाठवतानाच नावात स्विचचं नाव आणि तारीख घालावी.

गैरसमज: लॉगिन झालं म्हणजे फाइल जाणारच.

वस्तुस्थिती: एफटीपी दोन स्वतंत्र जोडण्या वापरतं. लॉगिन आणि कमांड पोर्ट २१ वरच्या जोडणीतून जातात. फाइल आणि यादी दोन्हींसाठी दर वेळी वेगळी जोडणी उघडते. ॲक्टिव्ह मोडमध्ये ही दुसरी जोडणी सर्व्हर आपल्या पोर्ट २० वरून क्लायंटकडे उघडतो. मधल्या फायरवॉलला ती बाहेरून आलेली अनोळखी जोडणी वाटते आणि ती अडवली जाते. पॅसिव्ह मोडमध्ये सर्व्हर एक पोर्ट सांगतो आणि क्लायंटच तिकडे जोडणी करतो. लॉगिन सुरळीत होतं पण ‘डिर’ दिल्यावर सगळं थिजतं, तेव्हा पासवर्ड तपासत बसू नये. मोड आणि फायरवॉलचे नियम पाहावेत.

गैरसमज: ॲस्की आणि बायनरी हा जुना तपशील आहे, आता फरक पडत नाही.

वस्तुस्थिती: १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये एफटीपीचा ठरलेला प्रकार ॲस्कीच आहे, आणि काही स्विचवर आजही सत्र ॲस्कीतच सुरू होतं. या प्रकारात ओळींच्या शेवटची चिन्हं बदलली जातात. साध्या मजकुराच्या फाइलीला ते चालतं, पण इमेज किंवा झिप फाइलीतले बाइट बदलले की ती निकामी होते. ‘गेट’ किंवा ‘पुट’च्या आधी ‘बायनरी’ देण्याची सवय लावावी.

गैरसमज: ट्रान्सफर पूर्ण झाल्याचा संदेश आला, म्हणजे फाइल अस्सल आहे.

वस्तुस्थिती: तो संदेश पाठवणं संपल्याचा असतो. ॲस्कीत बिघडलेली किंवा सर्व्हरवर मुळातच खराब असलेली फाइलही तितक्याच सुखरूप ‘पूर्ण’ होते. म्हणून आधी फ्लॅशमधली मोकळी जागा पाहावी. इथे रिसायकल बिनची दुसरी बाजू समोर येते: त्यात गेलेली फाइल जागा अडवूनच ठेवते, बिन रिकामी केल्यावरच ती मोकळी होते. फाइल आल्यावर तिचा आकार आणि चेकसम उत्पादकाने दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावा. सिस्कोच्या स्विचवर एमडीफाइव्ह काढण्यासाठी ‘व्हेरिफाय’ कमांड आहे.

गैरसमज: इमेज आणली की अपग्रेड झालं, जुनं कॉन्फिगरेशन आणलं की जुनी स्थिती परतली.

वस्तुस्थिती: इमेज नुसती फ्लॅशमध्ये येऊन पडते. पुढच्या वेळी कोणत्या फाइलीने सुरू व्हायचं हे स्विचला वेगळं सांगावं लागतं, आणि त्यानंतर रीबूट करावं लागतं. कॉन्फिगरेशनची गंमत आणखी खोल आहे. सिस्कोवर सर्व्हरवरची फाइल थेट चालू कॉन्फिगरेशनवर कॉपी केली तर ती जुन्याच्या जागी बसत नाही, त्यात मिसळते. फाइलीत नसलेल्या पण स्विचवर असलेल्या ओळी तशाच राहतात. चालू पोर्टसाठी बॅकअपमध्ये सहसा ‘नो शटडाउन’ लिहिलेलं नसतं. त्यामुळे नंतर बंद केलेला पोर्ट बॅकअप लावूनही बंदच राहतो. पूर्ण बदली हवी असेल तर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ ही वेगळी कमांड आहे.

गैरसमज: आपलं नेटवर्क आतलं आहे, तेव्हा एफटीपी सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती: एफटीपीचा पहिला मसुदा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मध्ये आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला. तेव्हाच्या अर्पानेटवर मोजकी संगणक केंद्रं होती. त्या रचनेत यूजरनेम, पासवर्ड आणि फाइल, सगळं उघड्यावर जातं. वाटेतली पॅकेट टिपणाऱ्या कोणालाही ते वाचता येतं. स्विचच्या कॉन्फिगरेशनमध्ये पासवर्डचे हॅश, एसएनएमपीचे संकेतशब्द आणि नेटवर्कचा अख्खा नकाशा असतो. तो असा पाठवणं योग्य नाही.

एसएफटीपीच्या नावात एफटीपी असलं तरी तो वेगळा प्रोटोकॉल आहे. तो एसएसएचवर, सहसा पोर्ट २२ वरून चालतो आणि त्याला एकच जोडणी पुरते, त्यामुळे फायरवॉलची अडचणही कमी होते. एफटीपीएस म्हणजे टीएलएसचं कवच चढवलेलं एफटीपी. टीएफटीपी मात्र याहून उघडा: त्यात लॉगिनच नाही. त्याच्या मूळ रचनेत ५१२ बाइटचे ठोकळे आणि १६ बिटांचा क्रमांक असल्याने सुमारे ३२ एमबीच्या वरची इमेज अडकू शकते.

आजच्या बहुतेक व्यवस्थापित स्विचवर एसएफटीपी किंवा एससीपी उपलब्ध आहे. तेच वापरावं. जुन्या स्विचवर एफटीपीशिवाय इलाज नसेल, तर व्यवस्थापनासाठी वेगळं व्हीलॅन ठेवावं, सर्व्हरवर एका फोल्डरपुरतेच अधिकार असलेलं खातं द्यावं आणि काम संपल्यावर सेवा बंद करावी. आणि घेतलेला बॅकअप एकदा तरी सुट्या स्विचवर लावून पाहावा. तो तिथे नीट चालला, तरच बिघाडाच्या दिवशी त्याच्यावर विसंबता येईल.