सहाव्या वर्षाची दाढ
शालेय मुलांच्या दंतारोग्याचा एक दुर्लक्षित प्रश्न

मुलाची दाढ किडल्याचे दिसले, तरी ‘दुधाचीच आहे, पडून नवी येईल’ असे म्हणून अनेक पालक निश्चिंत राहतात. परंतु पुष्कळदा ती दाढ दुधाची नसतेच. वयाच्या सुमारे सहाव्या वर्षी, म्हणजे मूल पहिलीच्या वर्गात जाते त्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढांमागे वर दोन व खाली दोन अशा चार नव्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी दुधाचा एकही दात पडावा लागत नाही. साहजिकच त्यांचे आगमन घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. या दाढा कायमच्या असून एकदा गमावल्यास त्यांच्या जागी दुसऱ्या येत नाहीत.

दात का किडतो?

दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जीवाणू अन्नातील साखरेपासून आम्ल तयार करतात. या आम्लाने दातावरील कठीण कवचातील खनिजे विरघळतात. लाळ ही झीज भरून काढीत असते. मात्र त्यासाठी तिला अवधी मिळावा लागतो. म्हणूनच साखर किती खाल्ली, याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, यालाही महत्त्व आहे. गोळ्या, चॉकलेट व बिस्किटे दिवसभर थोडी थोडी खाणाऱ्या मुलाच्या दातांना उसंत मिळत नाही. झोपेत लाळ कमी स्रवते. तेव्हा रात्री गोड खाऊन तसेच झोपणे अधिकच अपायकारक ठरते.

सहाव्या वर्षाच्या दाढेवर खोल खाचा असतात व उगवल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिचे कवच पुरेसे टणक झालेले नसते. त्यातच ती अगदी मागे असल्याने ब्रश तेथवर पोहोचत नाही.

उपेक्षेचे परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 51 कोटी बालकांचे दुधाचे दात किडलेले आहेत. दातदुखीमुळे मुलाची झोप उडते, जेवण कमी होते आणि शाळा बुडते. दुधाची दाढ अकाली काढावी लागल्यास शेजारचे दात त्या जागेत सरकतात व कायमचे दात वेडेवाकडे येतात. कायमची दाढ गेल्यास चर्वणाची शक्ती घटते, मागील दाढ पुढे कलते आणि समोरच्या जबड्यातील दाढ रिकाम्या जागेत उतरू लागते. हे नुकसान जन्मभराचे असते.

उपाय साधे आहेत

फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी असते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात वडीलधाऱ्यांनी स्वतः घासून द्यावेत किंवा जवळ उभे राहून घासून घ्यावेत. राखुंडी, कोळसा व विटकरीची भुकटी यांनी दात झिजतात. मिश्री ही तर तंबाखूच होय. दाढेच्या खाचा दंतवैद्याकडून संरक्षक लेपाने बुजवून घेता येतात. कीड वेळीच आढळल्यास दाढेत सिमेंट भरून ती वाचविता येते.

2013 साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शालेय मुलांच्या आरोग्य तपासणीत दातांच्या किडीचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये, तसेच पथकाने पुढील उपचारासाठी चिठ्ठी दिल्यास ती दप्तरातच पडून राहू नये, याची दक्षता पालकांनी व शिक्षकांनी घ्यावयास हवी.

ही दाढ ओळखणे कोणत्याही मातेला वा शिक्षकाला सहज शक्य आहे. समोरच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूने मोजत जावे. दुधाचे दात पाचच असतात. सहावी दाढ दिसली, तर ती कायमची समजावी व त्याच दिवसापासून तिची निगा सुरू करावी.