अडीच सेकंदांचे अभय

अमेरिकन फुटबॉल या खेळाच्या नावात पाय असला, तरी त्यातील बहुतेक सारा व्यवहार हातांचा आहे. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावावयाचे किंवा तो पुढे फेकावयाचा, चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड भूमी जिंकावयाची आणि असे टप्पे घेत प्रतिपक्षाची अंतिम रेषा गाठावयाची, हे या खेळाचे थोडक्यात स्वरूप. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चढाई करणाऱ्या अकरांपैकी ज्याच्या हाती प्रत्येक डावाची सूत्रे असतात, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, दोन पायांमधून चेंडू मागे देतो. तो क्वार्टरबॅकच्या हाती येताच प्रतिपक्षाचे चार-पाच धिप्पाड वीर त्याच्यावर तुटून पडण्यासाठी धावू लागतात. या चालून येणाऱ्यांना पास रशर म्हणतात.

क्वार्टरबॅकची अडचण अशी, की चेंडू दूर फेकावयाचा तर त्याला क्षणभर स्थिर उभे राहावे लागते आणि दृष्टी तीस-चाळीस यार्डांवर धावणाऱ्या सहकाऱ्यांवर ठेवावी लागते. जवळ येणाऱ्या संकटाकडे पाहण्याची त्याला सवड नसते. तो उजव्या हाताने फेकणारा असेल, तर फेकण्याच्या पवित्र्यात त्याची पाठ डावीकडे वळते आणि त्या बाजूने येणारा शत्रू त्याला दिसतच नाही. विचार करण्यास त्याला साधारणतः अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात चेंडू हातातून सुटला नाही आणि तो आपल्या रेषेमागेच पाडला गेला, तर त्या प्रसंगाला सॅक म्हणतात. जिंकलेले नगर लुटणे, या अर्थाचा हा शब्द लॉस एंजेलिसचा विख्यात रशर डीकन जोन्स याने रूढ केला. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगने १९८२ पासून त्याची अधिकृत मोजदाद सुरू केली.

क्वार्टरबॅकचे रक्षण करण्याचा सरळ उपाय म्हणजे भिंत. १९४६ मध्ये मैदानात उतरलेल्या क्लीव्हलंड ब्राउन्स संघाचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी या भिंतीला शास्त्रशुद्ध रूप दिले. रक्षकांनी पुढे झेपावयाचे नाही. पावलापावलाने मागे सरत, शत्रूला बाहेरच्या बाजूस लोटत, क्वार्टरबॅकभोवती पेल्याच्या आकाराचे कडे करावयाचे. हे कडे पॉकेट या नावाने ओळखले जाते. ही पद्धती आजही मूलभूत मानली जाते. परंतु तिच्यात एक उणीव आहे. मागे सरणारा मनुष्य पुढे धावणाऱ्याला नेहमीच थोडासा बिचकून असतो, आणि शत्रूपक्षाने एखादा असामान्य वीर आणला, की त्याच्यासाठी तितकाच असामान्य रक्षक शोधावा लागतो. तो न मिळाल्यास काय करावयाचे, या प्रश्नातूनच भिंतीपलीकडचे अनेक उपाय जन्मास आले.

पहिला उपाय अंतराचा. सॅन फ्रॅन्सिस्को संघाचे प्रशिक्षक रेड हिकी यांना २७ नोव्हेंबर १९६० रोजी बाल्टिमोरशी सामना द्यावयाचा होता. बाल्टिमोर हा आधीच्या दोन वर्षांचा विजेता संघ. हिकी यांनी क्वार्टरबॅकला सेंटरच्या पाठीशी चिकटून उभे न करता काही यार्ड मागे उभे केले आणि चेंडू त्याच्याकडे हवेतून मागे पाठविण्याची योजना केली. या रचनेला शॉटगन हे नाव मिळाले. क्वार्टरबॅकला मागे पळत जाण्याचे कष्ट उरले नाहीत, सारे मैदान प्रथमपासूनच दृष्टीसमोर राहिले आणि रशरचे अंतर वाढले. सॅन फ्रॅन्सिस्कोने तो सामना ३०-२२ असा जिंकला. पुढच्या हंगामाच्या प्रारंभी तर या रचनेने प्रतिपक्षांची त्रेधा उडविली.

मग ऑक्टोबर १९६१ मध्ये शिकागोशी गाठ पडली. चेंडू लांब मागे पाठविताना सेंटरला मान खाली घालून पायांमधून मागे पाहावे लागते, आणि त्या क्षणी तो स्वतःच असहाय असतो, ही गोष्ट शिकागोने हेरली. एरवी मागे उभा राहणारा आपला बिल जॉर्ज हा खेळाडू त्यांनी नेमका सेंटरसमोर आणून उभा केला. सेंटरची मान वर होईपर्यंत जॉर्ज त्याच्या बाजूने निसटून पुढे जाई. सॅन फ्रॅन्सिस्को ३१-० असे हरले आणि शॉटगनची कीर्ती विझली. १९७५ मध्ये डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी ती रचना पुन्हा बाहेर काढली. मात्र फेक करणे अपरिहार्य आहे अशा निवडक प्रसंगांपुरती. त्या वर्षी डॅलस अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. पुढे सेंटर मान वर ठेवूनच चेंडू अचूक मागे पाठविण्यास शिकले, आणि जी रचना एके काळी विक्षिप्त ठरली होती, ती आज सर्वसामान्य झाली आहे.

अंतर मागेच वाढवावे असे नाही; ते आडवेही वाढविता येते. टेक्सास टेक विद्यापीठाच्या संघाला २००० ते २००९ या काळात शिकविणारे माइक लीच हे कायद्याचे पदवीधर; महाविद्यालयात ते फुटबॉल खेळलेही नव्हते. रक्षकांनी खांद्याला खांदा भिडवून उभे राहावे, हा संकेत त्यांनी मोडला आणि दोन रक्षकांत तीन-तीन फुटांची, प्रसंगी त्याहूनही मोठी, फट ठेवली. वरकरणी हा वेडेपणा वाटतो. परंतु भिंत रुंद झाल्यामुळे कडेने येणाऱ्या रशरला लांबचा वळसा पडे. आणि फटीतून आत शिरणारा क्वार्टरबॅकच्या डोळ्यांसमोरूनच येई. न दिसणाऱ्या शत्रूपेक्षा दिसणारा शत्रू बरा, हे त्यामागचे गणित होते.

दुसरा उपाय शत्रूचा वेग त्याच्यावरच उलटविण्याचा. क्लीव्हलंडचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहॅम एकदा रशरांच्या गर्दीत सापडला असता त्याने हातातला चेंडू शेजारच्या मॅरियन मॉटलीकडे सोपविला, आणि रशर पुढे निघून गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या वाटेने मॉटली धावत सुटला, असे सांगतात. या अपघातातूनच ड्रॉ नावाचा डाव रूढ झाला. स्क्रीन नावाच्या डावात तर रक्षक बुद्ध्याच वाट सोडतात. रशर विजयाच्या आनंदात आत घुसतात, आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून मागे राहिलेल्या सहकाऱ्याच्या हाती पडतो. १९९० नंतरच्या काळात रिच रॉड्रिग्ज या प्रशिक्षकांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या डावात कडेच्या एका शत्रूला कोणी अडवावयाचेच नाही. क्वार्टरबॅकने त्याच्यावर नजर ठेवावयाची. तो धावपटूकडे वळला, तर चेंडू स्वतःजवळ ठेवावयाचा, आणि स्वतःवर आला, तर धावपटूला द्यावयाचा. ज्याला अडविण्यास मनुष्य नाही, त्याला संभ्रमाने अडविले जाते. असे डाव दोन-चारदा फसवून गेले, की रशरची पावले आपोआप जड होतात.

संभ्रमाची पराकाष्ठा कॅलिफोर्नियातील पीडमाँट येथील एका शाळेने केली. फेकलेला चेंडू झेलण्याचा अधिकार मधल्या पाच रक्षकांना नसतो, आणि ते त्यांच्या पाठीवरील क्रमांकांवरून ओळखू येतात. परंतु लाथेने चेंडू उडविण्याच्या रचनेपुरती क्रमांकांची ही अट शालेय नियमांत शिथिल होती. तेथील कर्ट ब्रायन व स्टीव्ह हम्फ्रीज या प्रशिक्षकांनी २००७ मध्ये तीच रचना, क्वार्टरबॅकला सात यार्ड मागे ठेवून, प्रत्येक डावात योजिली. अकरांपैकी रक्षक कोण आणि झेलणारा कोण, हे प्रतिपक्षाला अखेरपर्यंत उमगेना. मग चालून कोणी जावयाचे? परंतु ही पळवाट फार काळ टिकली नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने नियम बदलून ती बंद केली.

तिसरा आणि सर्वांत टिकाऊ उपाय वेळेचा. १९७० मध्ये सिनसिनाटी संघात पॉल ब्राउन यांचे साहाय्यक असलेल्या बिल वॉल्श यांच्या वाट्याला व्हर्जिल कार्टर हा बेताच्या बाहुबळाचा क्वार्टरबॅक आला. लांब फेक त्याला जमणारी नव्हती. वॉल्श यांनी त्याच्यासाठी आखूड, आडव्या आणि पावलांच्या मोजणीवर बसविलेल्या फेकींची पद्धती रचली. इतकी पावले मागे, की चेंडू सुटलाच पाहिजे. भिंत बांधणाऱ्या गुरूच्या हाताखालीच भिंतीची गरज कमी करणारी ही युक्ती सिद्ध झाली, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे. चेंडू लवकर सोडण्याचे सामर्थ्य किती मोठे असते, हे मायामीच्या डॅन मरीनोने १९८८ मध्ये दाखविले. त्या हंगामात त्याने ६०६ फेकी केल्या आणि तो अवघा सहा वेळा पाडला गेला. याउलट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नवजात संघाचा डेव्हिड कार हा एकाच हंगामात ७६ वेळा पाडला गेला.

या सर्व उपायांची कठोर परीक्षा घेतली ती न्यूयॉर्कच्या लॉरेन्स टेलर या रशरने. वेग आणि बळ यांचा असा संगम पूर्वी कोणी पाहिला नव्हता. जानेवारी १९८२ मधील सामन्यात, सॅन फ्रॅन्सिस्कोचे प्रशिक्षक झालेल्या वॉल्श यांनी फळीच्या मधल्या भागातील जॉन एअर्स या रक्षकाला मागे खेचून टेलरच्या वाटेवर उभे केले आणि सामना जिंकला. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्स यांनी तर टेलरला आवर घालण्यासाठी आपली मांडणीच बदलली आणि एक धावपटू कमी करून फळीच्या टोकाला एक खेळाडू वाढविला.

तरीही १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री व्हावयाचे ते झालेच. वॉशिंग्टनच्या मैदानावर, ३६ वर्षांच्या जो थाइसमन या क्वार्टरबॅकने चेंडू धावपटूकडे दिला. धावपटूने दोन पावले पुढे टाकून तो पुन्हा त्याच्याकडे फेकला. रशरांना फसविण्याचा हा डाव. परंतु रशर फसले नाहीत, आणि त्या देवघेवीत मोलाचा वेळ मात्र निघून गेला. टेलरने घेतलेल्या झेपेखाली थाइसमनच्या उजव्या पायाच्या दोन्ही हाडांचे तुकडे झाले. तत्क्षणी ताडकन उठून हातवारे करीत वैद्यकीय साहाय्य मागविणारा पहिला मनुष्य टेलर स्वतःच होता. तो सामना वॉशिंग्टनने २३-२१ असा जिंकला; पण थाइसमन पुन्हा कधीही मैदानात उतरला नाही.

या प्रसंगात साऱ्या युक्त्यांचे मर्म आणि मर्यादा एकत्र दिसतात. रक्षणाची युक्ती शत्रूचे अंतर वाढविते, त्याला संभ्रमात टाकते किंवा त्याचा वेळ हरण करते. जी युक्ती संभ्रमाच्या लोभाने स्वतःचाच वेळ खर्च करते, ती रक्षणाऐवजी घाताला कारण होते. आणि युक्ती कितीही चतुर असली, तरी तिला उत्तर शोधणारा बिल जॉर्ज कोठे तरी असतोच.

म्हणूनच अखेरचे रक्षण नियमांकडे येते. १९०५ च्या हंगामात झालेल्या मृत्यूंनी अमेरिका हादरली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले, आणि १९०६ मध्ये पुढे फेकण्याला मान्यता मिळाली. एकमेकांवर आदळणाऱ्या गर्दीची पांगापांग व्हावी, हा त्यामागील एक हेतू होता. गर्दी पांगली खरी; पण चेंडू हाती धरून एकटा उभा राहणारा मनुष्य त्यातूनच निर्माण झाला. त्याच्यासाठी पुढे १९७८ मध्ये रक्षकांना हात पसरून अडविण्याची मुभा देण्यात आली. २००८ मध्ये टॉम ब्रेडीचा गुडघा जायबंदी झाल्यावर, जमिनीवर पडलेल्या खेळाडूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घेऊ नये, असे २००९ मध्ये स्पष्ट करण्यात आले. प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी मोडलेले हाड आहे. प्रेक्षकांना दिसते ती फेक; तिच्याआधीचे अडीच सेकंद मिळवून देण्यासाठी एका शतकाहून अधिक काळ माणसांनी बुद्धी वेचली आहे आणि त्या बुद्धीच्या चुकांची किंमत खेळाडूंनी देहाने मोजली आहे.