गुण येण्याआधीच सुटणारी गोळी

नैराश्यावरची गोळी सुरू करून पाच-सहा दिवस झाले की दवाखान्यात फोन येतो. 'डॉक्टर, मळमळतंय, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय. मन मात्र होतं तसंच आहे. बंद करू का?' हे लोक निदान विचारतात तरी. बाकीचे न विचारताच पाकीट कपाटात ठेवून देतात आणि दोन-तीन महिन्यांनी, त्रास वाढल्यावर, 'त्या गोळीनं काही फरक पडला नाही' असं सांगत दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. गोळीला पुरता वेळच मिळालेला नसतो.

या औषधांची अडचणच अशी की त्रास आधी आणि गुण नंतर. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही आज सर्वाधिक वापरली जाणारी औषधं सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असतं. त्यामुळे पहिली कुरकूर पोट करतं : मळमळ, पातळ शौचाला होणं, भूक मरणं. काहींना बेचैनी वाढल्यासारखी वाटते, झोप बिघडते. हे बहुतेक त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतात. मन हलकं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे जातात, पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ. मेंदूतलं सेरोटोनिन काही तासांतच वाढतं, पण पेशींना त्या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. 'तुमच्या मेंदूत एक रसायन कमी पडलंय' हे दवाखान्यात दिलं जाणारं स्पष्टीकरण सोपं आहे, पण अपुरं.

आता आपल्याकडची खास गुंतागुंत. सुरुवातीच्या बेचैनीसाठी आणि झोपेसाठी डॉक्टर बरेचदा क्लोनाझेपाम जोडून देतात. काही वेळा दोन्ही औषधं एकाच गोळीत असतात. क्लोनाझेपाम पहिल्याच रात्री जाणवतं. झोप लागते, जीव शांत होतो. दोन वेगळ्या गोळ्या असतील तर रुग्ण स्वतःच हिशेब करतो : ही लागू पडते, ती पडत नाही. मग एस्सिटालोप्रॅम सुटतं आणि क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालू राहतं. नेमकी उलटी निवड! सवय लागण्याचा धोका असतो तो क्लोनाझेपामचा. ते काही आठवड्यांपुरतंच असायला हवं. नैराश्यावरच्या औषधाची तलफ येत नाही, मात्रा आपोआप वाढवावीशी वाटत नाही. पण घरात बोलताना दोन्ही 'झोपेच्या गोळ्या'च असतात आणि 'सवय लागेल हो' हा सल्ला दोन्हींना सारखाच मिळतो. चिठ्ठी लिहिताना कोणती गोळी कशासाठी आणि किती दिवस, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत ती दोन मिनिटंच निघत नाहीत, ही आमच्या व्यवसायाची बाजूही नोंदवायला हवी.

पहिले आठवडे निभावले की पुढचा खड्डा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतो. बरं वाटू लागतं आणि गोळी 'आता कशाला' म्हणून थांबते. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर बरं वाटल्यानंतरही किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. आजार पुनःपुन्हा उलटत असेल तर दोन वर्षं किंवा अधिक. ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दीर्घकाळ औषध घेणारे आणि आता बरं वाटणारे लोक निवडले होते. औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. हळूहळू बंद केलेल्यांत हे प्रमाण ५६ टक्के होतं. आकडे दोन्हीकडून वाचावेत. औषधाचा फायदा स्पष्ट आहे, तसंच बंद करूनही ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले. म्हणजे 'जन्मभराची गोळी' ही भीतीही सरसकट खरी नाही.

थांबवण्याची पद्धत मात्र महत्त्वाची. एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. २०२४ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी असा त्रास सांगितला, पण नुसती साखरेची गोळी थांबवलेल्यांपैकीही १७ टक्क्यांनी तो सांगितला. वेन्लाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन रेंगाळतं, म्हणून कमी. उपवासाच्या दिवशी गोळी टाळणाऱ्या वेन्लाफॅक्सिनच्या रुग्णाला संध्याकाळी चक्कर येते ती निव्वळ उपासामुळेच असेल असं नाही.

एका दुष्परिणामाबद्दल रुग्ण फोनही करत नाही. कामेच्छा कमी होणं, समागमात अडचण येणं हे या औषधांत वारंवार आढळतं आणि ते मळमळीसारखं आठवडाभरात जातंच असं नाही. पुरुष संकोचानं बोलत नाहीत, स्त्रियांना तर कुणी विचारतच नाही. औषध गुपचूप सोडण्यामागे हे मोठं कारण असतं. मात्रा कमी करून, किंवा बुप्रोपिऑन, मिर्टाझापिनसारखा पर्याय वापरून मार्ग निघू शकतो. फक्त विषय निघायला हवा.

काही त्रासांत मात्र थांबून पाहायचं नसतं. वयस्कर रुग्णांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर, सोडियम घसरून गोंधळल्यासारखं होऊ शकतं. रक्त तपासावं लागतं. सोबत अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. अचानक अति उत्साह, झोपेची गरजच न वाटणं, उधळा खर्च दिसला तर आजार द्विध्रुवी असू शकतो. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवावं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथं मराठीतही बोलता येतं.