समुद्र आणि आपण (भाग 6) : विंचुर्णीचे अ‍ॅडमिरल

मागच्या आठवड्यात आपण 1971 च्या युद्धातल्या विमानवाहू 'विक्रांत'च्या बॉयलरपाशी थांबलो होतो. बॉयलरला तडा गेल्यामुळे जहाजाचा वेग जेमतेम 16 नॉटवर आला होता. विमानवाहू जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोरात दौडलं, की डेकवरून सुटणाऱ्या विमानाच्या पंखांना आयता वारा मिळतो. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा पडलेला, त्यात जहाज संथ. शत्रूच्या पाणबुडीसाठी ही पर्वणीच. म्हणून विक्रांतभोवती राखणीला लहान युद्धनौका होत्या. त्यांतल्या 'कामोर्टा'चे कप्तान होते मनोहर प्रल्हाद आवटी.

कामोर्टा रशियन बनावटीची, पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेली. तिचा सोनार पाण्यात आवाज सोडायचा आणि काहीतरी आडवं आलं की त्याचा प्रतिध्वनी परत यायचा. पण प्रतिध्वनी माशांच्या थव्यावरूनही येतो. त्या उपसागरात तर गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं, पाण्याचे थर पडतात आणि आवाज वाकतो. हेडफोन लावून बसलेल्या खलाशाने आवाज पारखायचा आणि कप्तानाने त्याच्या कानावर भरवसा ठेवून निर्णय घ्यायचा. सोबतीला नाकेबंदीचं काम होतंच. पूर्व पाकिस्तानच्या बंदरांकडे जाणारी जहाजं अडवायची, तपासायची, ताब्यात घ्यायची. या कामगिरीबद्दल आवटींना वीरचक्र मिळालं.

त्यांचा जन्म 1927 चा, सुरतचा. 1945 मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातच, ते नौदलात गेले. प्रशिक्षण इंग्लंडमध्ये झालं. पुढे 'बेतवा', 'तीर', 'म्हैसूर' या जहाजांची कमान, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं प्रमुखपद, आणि शेवटी मुंबईत पश्चिम नौदल कमांडचं प्रमुखपद. 1983 मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणून ते निवृत्त झाले. नोकरीत असतानाच, 1978 मध्ये, त्यांनी मुंबईत सागरी इतिहासाचा अभ्यास करणारी 'मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी' उभी केली होती.

निवृत्तीनंतर ते राहायला गेले सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला. गाव कमी पावसाच्या पट्ट्यातलं, आपल्या परभणीसारखंच समुद्रापासून लांब. मला त्यांच्या आयुष्याचा हा भाग युद्धापेक्षाही मोलाचा वाटतो. एका भारतीयाने एकट्याने, शिडाच्या होडीतून पृथ्वीला वळसा घालावा, ही कल्पना त्यांनी नौदलापुढे मांडली तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. नौदलाने ती उचलून धरली आणि 2006 मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले.

अशा परिक्रमेचे नियम कडक असतात. निघालात त्याच बंदरात परतायचं, सगळी रेखावृत्तं आणि विषुववृत्त ओलांडायचं, किमान 21,600 सागरी मैल कापायचे आणि सुएझ-पनामासारखा कालवा वापरायचा नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियाचं ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचं हॉर्न आणि आफ्रिकेचं गुड होप या तिन्ही भूशिरांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो. तिथल्या लाटांना अडवायला जमीनच नाही. एकटा माणूस तिथे सलग झोपू शकत नाही. तुकड्यातुकड्याने डोळा लावायचा, उठून वारा, शिडं, दोर बघायचे.

या परिक्रमेसाठी गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 56 फुटी 'म्हादेई' ही शिडाची होडी बांधली गेली. दोंदे ब्रिटनमध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन शिकून आले. एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस 1968-69 मध्ये ज्या 'सुहेली'तून फिरला, ती सागवानी होडी मुंबईत बांधलेली होती! आपल्या कारागिरांनी केव्हाच अशी होडी बांधून दाखवली होती. खलाशी तेवढा आपला नव्हता. दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबून मे 2010 मध्ये परतले.

मग अभिलाष टॉमी. 2012-13 मध्ये तो म्हादेईतूनच, कुठेही न थांबता, पाच महिने एकटा फिरून आला. शेवटच्या टप्प्यात पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं आणि त्याने पावसाचं पाणी धरून दिवस काढले. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला त्या पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. 2017-18 मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून 254 दिवसांत परिक्रमा पूर्ण करून गोव्यात परतल्या. आवटींनी हेही पाहिलं. 4 नोव्हेंबर 2018 ला विंचुर्णीतच त्यांचं निधन झालं.

जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या शिक्षकांसाठी एक माहिती. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात जायला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं, आणि आता मुलींनाही प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा देता येते. तिची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलींसाठी नाशिकला. दोन्ही ठिकाणी परभणीहून थेट रेल्वेने जाता येतं. दहावीच्या वर्गात हे एकदा फळ्यावर लिहा.

(पुढील आठवड्यात : नाकेबंदी कशी चालते?)