संगणकाचे चित्र आणि प्रकाशाचे सत्य



या शाळेत शिकत असताना आम्ही शाही किल्ल्यातील हमामखाना पाहावयास गेलो होतो. ऊन थेट पोहोचत नव्हते तेथेही छतावरील रंगीत नक्षी दिसत होती. जमिनीवर व भिंतींवर पडलेला उजेड परतून वर जात होता. संगणकाद्वारे हुबेहूब छायाचित्रासारखे चित्र निर्माण करू पाहणाऱ्यांपुढे मोठी अडचण होती ती या परतलेल्या उजेडाचीच.

१९८० साली टर्नर व्हिटेड यांनी डोळ्यापासून उलट दिशेने किरणांचा माग काढण्याची रीत मांडली. त्यामुळे आरसे व काच खरी भासू लागली; सावल्या मात्र काळ्या आणि धारदार राहिल्या. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी एका भिंतीचा रंग दुसरीवर कसा उतरतो, हे गणिताने दाखविले. १९८६ साली जेम्स काजिया यांनी हा विचार एका समीकरणात बांधला : एखाद्या बिंदूतून निघणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश, अधिक सर्व दिशांनी येऊन तेथून परतलेला प्रकाश. हे गणित अफाट असल्याने संगणक काही किरणांचे नमुने घेऊन सरासरी काढतो. नमुने अपुरे पडले, की चित्रावर वाळू उधळल्यासारखे ठिपके दिसतात.

तरीही संगमरवर निर्जीव दिसे. कारण प्रकाश त्या दगडात किंचित शिरतो, आत विखुरतो आणि दुसऱ्याच जागी बाहेर पडतो. २००१ साली हेन्रिक वान येन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी सुलभ गणिती रीत दिली. दूध आणि मानवी त्वचा यांनाही तीच लागू पडते. मुमताज महल १६३१ साली आपल्याच गावी निवर्तली; तिची आग्र्याची समाधी याच दगडाने मढविलेली आहे.

उद्या कोणी आपल्या किल्ल्याचे पडके महाल संगणकावर उभे करील. त्यातील तापीकाठचा उजेड अचूक असेल. पण ढासळलेल्या भिंतीवर कोणती नक्षी होती, हे समीकरण सांगू शकत नाही. चित्र छायाचित्रासारखे दिसले, की अंदाजही पुरावा वाटू लागतो आणि मुले तोच इतिहास म्हणून शिकतात. म्हणून माझी नम्र सूचना आहे, की अशा चित्रात आज उभा असलेला भाग आणि कल्पिलेला भाग निरनिराळ्या रंगांत दाखवावा. चित्राची शोभा थोडी उणावेल. पण पाहणाऱ्याची फसगत होणार नाही.