अठरानंतर कुठे? दिव्यांग प्रौढांसाठी दिवसकेंद्रे

• दिवसकेंद्र म्हणजे वसतिगृह नव्हे. सकाळी यायचे, संध्याकाळी घरी.

• कामे रोजच्या जगण्यातली: भाजी निवडणे, पणत्या रंगवणे, कागदी पाकिटे चिकटवणे, दुकानात सुटे पैसे मोजून घेणे. एकेक कृती छोट्या पायऱ्यांत शिकवतात. पाकीट असेल तर आधी नुसती घडी, ती जमली की खळ. घाई करून चालत नाही.

• राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी. न्यासाच्या ‘विकास’ योजनेत दहा वर्षांवरील व्यक्तींसाठी दिवसकेंद्र. ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या निवासाची वेगळी योजना.

• न्यासाची ‘निरामय’ योजना : वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा.

• अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी याच कायद्याखालच्या जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो.