पिंजऱ्यांतून सुटलेले राघू

ज्वारीचें शेत राखणाऱ्यास राघूची ओळख करून देणें नलगे. दाणा भरूं लागला कीं हिरवा थवा कणसांवर उतरतो. माळ्यावरून गोफण फिरवितां फिरवितां राखणदाराचे हात भरून येतात. पेरू-डाळिंबाच्या बागेंतही तीच गत. खाणें थोडें व नासणें फार, अशी या पक्ष्याची रीत आहे. हाच आपला कंठीवाला राघू आज अनेक परक्या देशांत रानटी होऊन राहिला आहे.

तो तेथें आपण होऊन गेला नाहीं. हौसेखातर पिंजऱ्यांतून नेला गेला. कांहीं पक्षी निसटले, कांहीं मुद्दाम सोडण्यांत आले. इंग्लंडांतील केंट परगण्यांत १९६९ पासून त्यांची वीण होऊं लागली. ब्रुसेल्स येथील एका करमणुकीच्या बागेंतून १९७४ सालीं सुमारें ४० राघू सोडले गेले. त्यांचे पुढें हजारों झाले. थंड देशांत हा पक्षी तगला कसा? हिमालयाच्या पायथ्यापर्यंत त्याची वस्ती असल्यानें गारठा त्यास अगदींच अपरिचित नाहीं. शिवाय शहरांतील जुन्या झाडांत ढोली मिळतात, व हिंवाळ्यांत लोक बागेंत पांखरांसाठीं दाणे ठेवतात.

शेतीस याची झळ कशी पोंचते, तें हवाईमधील कौआई बेटावर दिसतें. तेथें १९६० नंतरच्या दशकांत कांहीं पाळीव राघू सुटले. बरींच वर्षें त्यांची संख्या अल्प होती. २०१८ पर्यंत ती हजारोंच्या घरांत गेली, आणि मका व लिची पिकविणारे शेतकरी हवालदिल झाले.

याउलट सेशेल्समधील माहे बेटाचें उदाहरण पाहावें. शेजारच्या प्रालें बेटावरील दुर्मिळ काळ्या पोपटास धोका होऊं नये म्हणून तेथें राघूंचा पाठलाग करण्यांत आला. पांचशेंहून अधिक पक्षी नाहींसे केल्यावर २०१९ सालीं बेट राघूमुक्त झाल्याचें जाहीर झालें. संख्या शेंकड्यांत होती म्हणूनच हें साधलें. तरी त्यास वर्षानुवर्षें खपावें लागलें. तण फुलावर येण्यापूर्वींच उपटावें, हा आपला अनुभव येथेंही खरा ठरतो.

आपल्याकडे राघू मूळचाच आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यास पकडण्यास व पाळण्यास बंदी आहे. परंतु परदेशीं पोपट पिंजऱ्यांत विकले जातात. त्यांत दक्षिण अमेरिकेंतील क्वेकर पोपटही आहे. हा काटक्यांचें घरटें स्वतः बांधतो. त्यास ढोलीची गरज नाहीं. मायदेशीं तो मका व सूर्यफूल यांवर पडतो, आणि स्पेन व अमेरिका या देशांत पिंजऱ्यांतून सुटूनच रानटी झाला आहे.

म्हणून हौस सरली तरी परका पोपट मोकळा सोडूं नये. सांभाळणाऱ्या दुसऱ्या हातीं द्यावा. शिवारांत असे अनोळखी पोपट दिसल्यास, दोन-चार असतांनाच वनखात्यास कळवावें. दार उघडण्यास क्षण पुरतो. थवा परतविण्यास पिढी पुरत नाहीं.